ॲपचा आयडी, फक्त एका ओळीत

"एका ओळीचं काम आहे," मी म्हणालो. "तू चहा टाक. तो गाळून होईपर्यंत आयडी तुझ्या हातात ठेवतो."

हे बोललो तेव्हा माझ्या पायात अजून बूट होते. दुकानाच्या दारावर 'लगेच येतो' अशी पाटी अडकवून मी धावतपळत घरी आलो होतो. बायकोचा फोन आला होता आणि फोनवर ती रडत नव्हती एवढंच.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. डोळे तपासतो, काचा बसवतो, ढिल्या दांड्या आवळून देतो. संगणक हा काही माझा प्रांत नाही. पण माझ्याकडे एक प्रोग्रॅमर गिऱ्हाईक येतो. मी त्याच्या फ्रेमचा स्क्रू आवळत होतो, तेवढ्यात त्यानं माझ्याच संगणकावर एक काळी खिडकी उघडली, तिच्यात एक ओळ लिहिली, आणि संगणकानं मुकाट्यानं उत्तर दिलं. "याला टर्मिनल म्हणतात," तो म्हणाला. "इथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. सरळ विचारायचं, सरळ उत्तर मिळतं." मला हे फार पटलं. आमच्या घरात सरळ विचारून सरळ उत्तर मिळाल्याचं मला तरी आठवत नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी मी घरच्या संगणकावर टर्मिनल उघडतो आणि आजची तारीख विचारतो. तो सांगतो. मागच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, पण कॅलेंडर काही आपला हुकूम पाळत नाही.

आता बायकोची अडचण सांगतो, कारण त्या दुपारी जे काही पणाला लागलं होतं ते तिचं होतं.

माझी बायको गाड्यांच्या चौकशी खिडकीवर बसायची. काचेमागे माईक घेऊन. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरानं, सामान कुठे ठेवायचं, हरवलेलं पोर कुठे मिळेल, सगळं ती सांगायची. मग खिडकी बंद झाली. तिथे आता एक पडदा लावलाय आणि त्यावर अक्षरं पळतात. ती घरी बसली आणि तिचा आवाजही घरी बसला. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना ती उगाचच मोठ्यानं वाचायची. मी एकदा हसलो, तेव्हा तिनं बाटली कपाटात ठेवून दिली आणि नंतर वाचणं बंद केलं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण मी ते बोललो नव्हतो.

आणि अचानक एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीला बाईचा आवाज हवा होता. तिनं नाव दिलं, त्यांनी चार वाजता चाचणी ठेवली. आपल्या घरी, आपल्या संगणकासमोर बसायचं, त्यांचं 'व्हॉइस रूम' नावाचं ॲप उघडायचं आणि बोलायचं. तिकडे त्यांचा इंजिनीयर आणि त्याचे साहेब ऐकणार. तिला हे काम हवं होतं. गळ्याला जपायचं म्हणून तिनं दोन दिवस थंड पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

दुपारी तिनं सहज ॲप उघडून बघितलं, तर पडद्यावर मोठी चौकट आली: 'राखणदार या ॲपला माईक वापरू देणार नाही. परवानगीसाठी ॲपचा आयडी टाका.'

हा राखणदार मीच बसवलेला. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, त्यांना संगणकाची गोडी लागली आणि त्याबरोबर पडद्यावर जे काही विचारलं जाईल त्याला 'हो' म्हणायची सवयही लागली. म्हणून हा प्रोग्रॅम. ओळखीशिवाय कोणालाही आत सोडत नाही. आणि ओळख म्हणजे ॲपचं वर दिसणारं नाव नव्हे. नाव काय, कोणीही काहीही ठेवतो. प्रत्येक ॲपची एक आतली खूण असते, ठिपके देऊन लिहिलेली, जगात तशी दुसरी नसते. तो आयडी. हे सगळं मी बायकोला फार छान समजावून सांगितलं.

"तो कुठे असतो?" तिनं विचारलं.

"टर्मिनलला विचारायचा," मी म्हणालो, आणि मग ते एका ओळीचं वाक्य म्हणालो.

मी काळी खिडकी उघडली. बोटं मोडली. नेमकी ओळ इंटरनेटवर लगेच सापडली. आधी 'ओएसएस्क्रिप्ट', मग एक आडवी रेघ आणि ई, मग अवतरणचिन्हांत 'अमक्या ॲपचा आयडी' असं इंग्रजीत, आणि त्यात अमक्याच्या जागी ॲपचं नाव, तेही अवतरणचिन्हांत. म्हणजे अवतरणात अवतरण. मी लिहिलं आणि एंटर मारलं.

उत्तर आलं नाही. खालच्या ओळीवर एक छोटा बाण येऊन उभा राहिला.

"काय म्हणतोय?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"शोधतोय."

ती हात पुसत बाहेर आली. उशा सरळ केल्या. खिडकी लावली, पुन्हा उघडली. "अजून शोधतोय?"

"सगळं धुंडाळून यायचं म्हणजे वेळ लागणारच की."

"त्याला काही हवंय का?"

"त्याला काय हवं असणार?"

त्याला खरंच हवं होतं. इंटरनेटवरचं ते पान थोडं खाली सरकवल्यावर कळलं की असा बाण येतो तो आपलं वाक्य अपुरं राहिल्यामुळे. शेवटचं अवतरणचिन्ह माझ्याकडून राहिलं होतं आणि तो बिचारा पुढचं ऐकायला थांबला होता. मी त्याची वाट बघत होतो आणि तो माझी!

"तुम्ही चष्मा लावा," बायको म्हणाली.

"दिसतंय मला."

लोकांना भिंतीवरच्या पाटीची शेवटची ओळ वाचायला लावण्यात माझी निम्मी हयात गेली. मला स्वतःला वाचायचा चष्मा लागतो ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना, बायकोला आणि मला स्वतःला अजून सांगितलेली नाही. मी खुर्ची पुढे ओढली, मान मागे घेतली, डोळे बारीक केले आणि ओळ पुन्हा लिहिली. या वेळी सगळी चिन्हं होती. उत्तर ताबडतोब आलं.

"आलं?" बायको धावत आली.

"आलं."

"काय आहे आयडी?"

"तो म्हणतोय, असं ॲपच नाही."

बायको म्हणाली, "मघाशी होतं."

"आता नाही म्हणतोय."

"अहो, मग मघाशी मी उघडलं ते काय होतं?"

हा प्रश्न रास्त होता. मी नाव मोठ्या लिपीत लिहिलं, छोट्या लिपीत लिहिलं, मधली जागा काढली, मधली जागा वाढवली. टर्मिनलचं म्हणणं एकच. असं कोणी इथे राहत नाही. बायकोनं घड्याळ बघितलं, मग दुसऱ्या खोलीत जाऊन तिथलं घड्याळ बघितलं. तिथेही तेवढेच वाजले होते. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा आवाज आला आणि ती तिकडे धावली.

"लेकीला फोन करा ना," तिकडून ती म्हणाली.

आमची लेक परगावी असते आणि संगणकावरच काम करते. तिनं चुटकीसरशी सांगितलं असतं. पण मागच्याच आठवड्यात मी तिला फोनवर म्हणालो होतो की बाळा, तुझा बाप आता टर्मिनलवाला झालाय, काही अडलं तर विचार.

"तिला कामाच्या वेळेत कशाला त्रास?" मी म्हणालो. "माझ्याकडे दुसरा उपाय आहे."

दुसरा उपाय मला त्याच पानावर दिसला होता. एका ॲपचा पत्ता लागत नसेल तर सगळ्यांनाच विचारा! एक लांबलचक ओळ दिली होती. ती ॲपच्या पेटीत शिरते, एकेकाला गाठते, 'बाबा रे, तुझा आयडी काय' असं विचारते आणि पुढे जाते. त्या ओळीखाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. बारीक अक्षरांशी माझं सध्या पटत नाही, म्हणून मी तो मजकूर सोडून दिला.

शिवाय तिथे आणखी एक युक्ती होती. ओळीत 'से', म्हणजे 'बोल', हा शब्द योग्य जागी टाकला की संगणक उत्तर नुसतं लिहीत नाही, मोठ्यानं बोलून दाखवतो. म्हणजे चष्म्याचा प्रश्नच मिटला. मी ती ओळ उचलून काळ्या खिडकीत डकवली. आवाज पूर्ण वाढवला, नीट ऐकू यावं म्हणून.

"आता बघ," मी बायकोला म्हणालो आणि एंटर मारलं.

त्या बारीक अक्षरात काय होतं ते मला नंतर लेकीनं वाचून दाखवलं. 'सावधान: या पद्धतीत आयडी सांगण्यासाठी प्रत्येक ॲप उघडलं जातं.'

आधी शब्दकोश उघडला. संगणक एका परक्या पुरुषाच्या आवाजात गरजला, "कॉम डॉट..." आणि पुढे बरंच काही. मग बुद्धिबळ उघडलं, मांडलेल्या पटासकट. "कॉम डॉट..." मग गणकयंत्र. मग फोटोंचं ॲप उघडून त्यात आमच्या लग्नाचे फोटो आपोआप एकामागून एक सरकायला लागले. मग पियानो. मग अलार्मचं घड्याळ, आणि त्यानं उघडल्या उघडल्या कुठलातरी राहून गेलेला अलार्म वाजवायला घेतला. प्रत्येकाच्या मागे तो माणूस भालदारासारखा "कॉम डॉट" करून एकेकाची नावं पुकारत होता.

"हे काय चाललंय?" बायको ओरडली नाही, पण तिला तसं बोलायला लागलं, नाहीतर ऐकूच आलं नसतं.

"हजेरी घेतोय," मी म्हणालो. "आपलं आलं की थांबवतो."

"आपलं आलेलं कळणार कसं?"

याचा विचार मी केला नव्हता. तेवढ्यात सासूबाईंच्या व्यायामाचं ॲप उघडलं. त्यात एक धीरगंभीर गुरुजी आहेत. "दीर्घ श्वास घ्या," गुरुजी म्हणाले. "आता रोखून धरा." आणि संगणकावर भार एवढा झाला होता की गुरुजी तिथेच गोठले. हात वर, डोळे मिटलेले.

मी खिडक्या बंद करायला धावलो. एक बंद केली की दोन उघडायच्या. मागे पावलं वाजली म्हणून वळून बघितलं, तर दारात सासूबाई उभ्या. गाल फुगलेले, चेहरा लालबुंद, एक हात छातीवर आणि दुसऱ्या हातानं पडद्याकडे खुणा करताहेत.

"आई, काय होतंय तुम्हाला?"

त्यांनी जोरजोरात मान हलवली.

"आई, बस, आधी खाली बस," बायकोनं त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि पाठ चोळायला लागली. सासूबाई तिचा हात झटकून पुन्हा पडद्याकडे बोट दाखवायला लागल्या. मला वाटलं, त्या शेवटचं काहीतरी सांगताहेत. मी पाणी आणायला पळालो, वाटेत खुर्चीच्या चाकावर बूट आपटला, आणि पाणी न आणताच परत आलो. तोवर व्हिडिओ कॉलचं ॲप उघडलं होतं आणि मघाच्या झटापटीत माझं बोट कुठेतरी लागल्यामुळे त्यानं लेकीला फोन लावलासुद्धा होता. लग्नाच्या फोटोंच्या मधोमध तिचा चेहरा उगवला.

"बाबा? हे काय आवाज? आजीला काय झालं?"

"कळत नाही गं," मी म्हणालो.

आणि त्याच क्षणी गुरुजींची सुटका झाली. "आणि हळूहळू सोडा," ते म्हणाले.

सासूबाईंनी सोडला. टेबलावरचे कागद उडाले.

"केवढा वेळ," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आज शेजारच्या खोलीतून ऐकून करत होते. म्हटलं, गुरुजींनी आज वेळ वाढवला वाटतं. बघायला आले तर हे सगळं. जावईबापू, तुम्ही शोधताय तरी काय?"

"व्हॉइस रूम," मी म्हणालो. "तिच्या चाचणीचं ॲप. नाहीसंच झालंय."

"नाहीसं कशानं होईल? नाव बदललंय त्याचं. 'पोरीची लिफ्ट'."

"कोणी बदललं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांचीच बदललीत, चित्रं तेवढी तीच आहेत. डब्यावर आत काय आहे ते लिहावं माणसानं. डब्याच्या कंपनीचं नाव लिहून काय कळणार? ते तारखा लिहायचं आहे ना, त्यात आपण फक्त दाताच्या डॉक्टरची वेळ लिहितो. म्हणून ते 'दात'. आणि ते तुमचं काळं. ते 'जावईबापूंची तारीख'."

पडद्यावर लेक खो खो हसत होती. बायको हसत नव्हती. ती घड्याळाकडे बघत होती.

"बाबा," लेक हसू आवरत म्हणाली, "पण तुम्हाला आयडी कशाला हवाय?"

"राखणदार मागतोय. त्याशिवाय माईक देत नाही."

"मग राखणदार बंद करा ना. वर उजव्या कोपऱ्यात त्याचं चित्र आहे. त्यावर क्लिक, आणि 'बंद'. संध्याकाळी परत चालू करा."

मी वर उजव्या कोपऱ्यात बघितलं. चित्र होतं. क्लिक केलं. 'बंद' असं लिहिलेलं होतं. ते दाबलं. राखणदार गेला.

तेवढ्यात लेकीच्या चेहऱ्यावर एक नकाशा येऊन उघडला आणि ती दिसेनाशी झाली.

आता खरं तर सगळं मार्गी लागलं होतं. तो 'कॉम डॉट'वाला तेवढा गप्प करायचा होता. मला आठवलं की टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबला की आधीची ओळ परत हाती येते. म्हटलं, ओळ हाती आली की पुसून टाकू. मी वरचा बाण दाबला. घाईत एंटरही दाबलं. काही झालं नाही, म्हणून पुन्हा तेच केलं. हजेरीची फेरी संपली, माणूस गप्प झाला. मी बायकोकडे विजयानं बघितलं. आणि त्यानं पुन्हा शब्दकोशापासून सुरुवात केली.

"थांब, कळलं मला," मी म्हणालो आणि कीबोर्डकडे झेपावलो.

"कृपया मागे सरका."

मी आवाज कुणाचा म्हणून इकडेतिकडे बघितलं. बायकोचा होता. माझी बायको फार चिडली की ओरडत नाही. ती चौकशी खिडकीवर जाऊन बसते. आवाज खाली येतो, स्पष्ट होतो आणि त्यात एक 'कृपया' येतं. लग्नानंतर हे 'कृपया' मी फार थोड्या वेळा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी मी ऐकलेलं आहे.

"अगं, एकच बटण..."

"कृपया हात काढा. कशालाही हात लावू नका. मागे सरका. अजून मागे."

मी भिंतीला टेकलो. कॅलेंडर माझ्या पाठीला टोचत होतं.

"आई, दारात उभी राहू नकोस. आत ये किंवा बाहेर जा. मी आता दार लावणार आहे. ज्यांना बाहेर जायचंय त्यांनी आत्ता जावं."

सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा लेकीचं ऐकून बाहेर गेल्या. बायको संगणकासमोर बसली. काळी खिडकी बंद केली आणि तो माणूस अर्ध्या 'कॉम'वर गप्प झाला. मग तिनं एकेक खिडकी मिटवली. पियानो, नकाशा, गुरुजी, आमचं लग्न. बुद्धिबळाचा पट मिटवल्यावर त्याच्या खाली आणखी एक खिडकी होती. मधोमध एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"नमस्कार," त्या खिडकीतून कोणीतरी दबकत म्हणालं. "मी लिफ्ट कंपनीतून बोलतोय. इंजिनीयर. साहेबही इथेच आहेत. आपला आवाज येतोय. अगदी स्वच्छ येतोय."

बायकोचा हात माऊसवर तसाच राहिला. 'पोरीची लिफ्ट' इतरांबरोबर उघडली होती, आणि राखणदार मी घरी पाठवल्यामुळे माईक सताड उघडा होता.

"तुम्ही कधीपासून ऐकताय?" तिनं विचारलं.

"आम्ही जरा आधीच आलो होतो, लाइन तपासायला." इंजिनीयर घुटमळला. "तुमच्या आई दारातून बाजूला झाल्या ना?"

बायकोनं माफी मागितली. पुन्हा मागितली. मग त्यांनी दिलेली वाक्यं वाचली. पहिला मजला. दुसरा मजला. दार उघडत आहे. आपलं स्वागत आहे. तिच्या आवाजात कंप होता. तो काढायचा ती प्रयत्न करत होती, आणि त्यामुळे आवाज आणखी गोड आणि आणखी खोटा येत होता. मला भिंतीपाशी उभ्या उभ्या ते कळत होतं आणि माझ्या हातात काही नव्हतं. काही नसलेलंच बरं होतं.

"कळवतो आम्ही," इंजिनीयर म्हणाला. ही 'कळवतो'ची चाल मी दुकानात रोज ऐकतो. त्या चालीवर बोलणारं गिऱ्हाईक परत येत नाही.

तो जायच्या आत, का कोण जाणे, मी मागून विचारलं, "साहेब, तुमच्या ॲपचा आयडी काय हो?"

त्यानं तो तोंडपाठ सांगितला. "मीच ठेवलाय," तो म्हणाला. "मला फोन केला असतात तर सांगितला असता."

बायको उठली, स्वयंपाकघरात गेली आणि उतू गेलेल्या चहाचे डाग घासायला लागली. डाग निघाले तरी घासत राहिली. सासूबाई तिच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. मी बूट काढले, पुन्हा घातले, दुकानात गेलो. एका बाईला तिच्या नवऱ्याचा चष्मा दिला आणि नवऱ्याला तिचा. दोघांनीही फार छान दिसतंय म्हणून सांगितलं. मला मात्र आरशात बघवत नव्हतं. इतकी वर्षं तिनं काचेमागे बसून हरवलेल्या लोकांना वाट दाखवली, आणि मी एका दुपारी तिची वाट लावली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. बायकोनं तो स्पीकरवर ठेवला, कारण एकटीनं नकार ऐकायची तिची तयारी नव्हती.

"ती स्वागताची वाक्यं राहू द्या," इंजिनीयर म्हणाला. "तशी गोड वाक्यं म्हणणारे खूप मिळतात. आमची अडचण वेगळी आहे. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली, कोणी दारात पाय घालून उभं राहिलं, की आमची लिफ्ट गोड आवाजात विनंती करते आणि लोक हसत उभे राहतात. काल तुम्ही 'मागे सरका' म्हणालात ना, तेव्हा आमचे साहेब टेबलापासून मागे सरकले. खुर्चीसकट. इशाऱ्याची सगळी वाक्यं तुम्हीच म्हणायची."

सासूबाईंनी श्वास रोखून धरला, या वेळी गुरुजींशिवाय. बायको "चालेल" म्हणाली, अगदी साध्या आवाजात, आणि फोन ठेवल्यावर तोंडावर पदर घेऊन रडली. मीही थोडा रडलो. मग मी म्हणालो की एका अर्थी हे सगळं माझ्यामुळेच झालं. हे मी बोलायला नको होतं.

पहिल्या दिवशी ती ध्वनिमुद्रणाला गेली आणि अर्ध्या तासात माझ्या दुकानात इंजिनीयरचा फोन वाजला. "जरा इकडे येता का?" तो म्हणाला. "काचेच्या खोलीत बाईंचा तो आवाज लागतच नाहीये. फार प्रेमानं येतंय सगळं. बाई म्हणाल्या, समोर माणूस असला तर जमेल."

तेव्हापासून आठवड्यातून काही दुपारी मी दारावर 'लगेच येतो'ची पाटी अडकवतो आणि तिकडे जातो. मला बायकोच्या समोर एका स्टुलावर बसवतात आणि पुढ्यात एक कीबोर्ड ठेवतात. इंजिनीयरनं खूण केली की मी त्याच्याकडे नुसता हात न्यायचा. एवढंच काम. आवाज असा लागतो म्हणता! त्या कीबोर्डची वायर मात्र कशालाही जोडलेली नसते. ती अट बायकोनं करारात घालून घेतली आहे.